गप्प राहिलेला दिवा

मित्रांनो, मी एक जुना पीएलसी आहे. बटणांचे निरोप ऐकायचे आणि यंत्राने कधी चालायचं, कधी थांबायचं ते ठरवायचं, एवढंच काम करणारा हा डबा. माझं कौतुक पुष्कळ झालं. मला मात्र ते आठवलं की लाजच वाटते.

१९८७ साली मी सातपूरच्या एका लहान कारखान्यात आलो. पत्रा दाबून त्याला आकार देणारा प्रेस मला सांभाळायचा होता. मला जोडायचं काम सहादूभाऊंकडे आलं. सिन्नरहून एसटीने येणाऱ्या या वायरमननी वीस वर्षं जुन्या पद्धतीच्या रिलेंवर, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या खटक्यांवर, काम केलं होतं. रिलेचा खट आवाज ऐकून ते बिघाड ओळखत. मी आवाजच करत नसे. माझं पुस्तक इंग्रजीत होतं. सहादूभाऊ ते एकेक शब्द लावत वाचत आणि न समजलेलं कोणाला विचारायला संकोचत.

खंडेनवमीला माझी पूजा करून प्रेस सुरू करायचा, असं मालक रंगनाथशेठ यांनी ठरवलं होतं. सहादूभाऊंनी जुन्या रिलेच्या नकाशातल्या खुणा जशाच्या तशा माझ्यात भरल्या. थांबवायच्या बटणाच्या खुणेचा अर्थ माझ्याकडे उलटा होतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. प्रेस हलेना. नारळ घेऊन सगळे खोळंबलेले. घाईघाईत सहादूभाऊंनी माझ्यातली खूण तशीच ठेवली आणि बटणच बदललं. प्रेस चालला. टाळ्या वाजल्या, मला झेंडूची माळ चढली आणि मी फुगून बसलो.

आधीचं बटण योग्य होतं. त्यातून सतत निरोप येत राही. बटण दाबलं किंवा वायर सुटली की तो तुटे आणि यंत्र थांबे. नव्या बटणाचा निरोप दाबल्यावरच येई. मधली वायर सुटली, तर मला काहीच कळणार नव्हतं.

प्रेसच्या हादऱ्यांनी ती वायर हळूहळू ढिली झाली. पौषात एके सकाळी पत्रा तिरका अडकला. प्रेसवर काम करणाऱ्या लंकाबाईंनी थांबवायचं बटण दाबलं आणि पत्रा काढायला हात घातला. निरोप माझ्यापर्यंत पोचला नाही. मी प्रेस खाली जाऊ दिला. त्यांच्या उजव्या हाताची अनामिका गेली.

लंकाबाईंना दवाखान्यात नेल्यावर शेठनी बटण दाबून पाहिलं. प्रेस थांबलेला, हादरा नाही, वायर टेकलेली. निरोप पोचला की लागणारा माझा दिवा झकास लागला. शेठ म्हणाले, "बटण चांगलं आहे. बाईंनी दाबलंच नसेल. मशीन खोटं बोलत नाही." बाईंना कामावरून काढायचंही त्यांनी बोलून दाखवलं. मित्रांनो, माझ्या दिव्याने त्या दिवशी खोटी साक्ष दिली. मला तोंड असतं, तर मी ओरडलो असतो.

सहादूभाऊंनी पॅनेल उघडलं आणि ती वायर दोन बोटांत धरून ओढली. ती अलगद हातात आली. गप्प बसले असते तर त्यांची नोकरी सुखरूप होती. ते शेठकडे वळले.

"शेठ, बाईंनी बटन दाबलं व्हतं. पूजेच्या दिवशी मला हे येत नव्हतं, अन् मी तसं बोललो नाय. काढायचं तर मला काढा."

शेठनी ती सुटलेली वायर हातात घेऊन पाहिली. मग त्यांनी कोणालाच काढलं नाही. सहादूभाऊंनी जुनं बटण परत लावलं, माझ्यातली खूण बदलली आणि ती वायर मुद्दाम सोडून प्रेस थांबतो की नाही, ते पाहिलं. पुढे रोज सकाळी ते हेच करत.

दीड महिन्याने लंकाबाई कामावर आल्या. माझ्याकडे बोट दाखवून त्या एवढंच म्हणाल्या, "सहादूभाऊ, हा डबा गप ऱ्हायला तर आधी मला इचारा."

मित्रांनो, आज मी अडगळीत आहे. तुम्हाला एवढंच सांगतो, जे येत नाही ते येत नाही म्हणा. आणि कोणाचा निरोप आला नाही, तर सगळं ठीक आहे असं समजू नका.

त्या अपघातानंतरच्या खंडेनवमीला सगळ्या यंत्रांना कुंकू लावायचा मान लंकाबाईंना मिळाला. कुंकू अनामिकेने लावतात. त्यांनी मला मधल्या बोटाने लावलं.