बुलबुलीचं बिऱ्हाड

गल्लीत सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत. उभा जन्म बस चालवण्यात गेलेला, आणि आता डोळ्याच्या ऑपरेशनमुळे सक्तीची विश्रांती. पण बूड टेकेल तर शपथ! पेपर बंद, टीव्ही बंद. काका दिवसभर पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत येरझाऱ्या घालत.

अशातच मागच्या दारावरच्या वेलीत बुलबुलाच्या जोडीनं बिऱ्हाड थाटायला घेतलं. मादी वाळक्या काड्या, बारीक मुळं आणायची, कोळ्याच्या जाळ्यानं ती बांधायची आणि छाती घासत गोल फिरून वाटीचा आकार द्यायची. नर तारेवर बसून गात असायचा.

"हा अगदी तुमच्यावर गेलाय," काकू म्हणाल्या.

काकांना उद्योगच मिळाला. स्टूल लावून ते घरट्यात डोकावायचे. गुलाबीसर, तांबूस ठिपक्यांची अंडी दिसली तेव्हा त्यांनी घर डोक्यावर घेतलं. मग मांजर येईल म्हणून खाली पुठ्ठा बांधला, ऊन लागेल म्हणून वर फडकं टाकलं. वारा सुटला, की फडकं बघायला पुन्हा स्टूल.

बुलबुली वेलीपर्यंत यायची, कटकट करायची आणि परत फिरायची.

"अहो, तुम्ही दारात यमासारखे उभे! ती बसणार कशी?"

"मी राखण करतोय."

"पुरे झाली राखण. उतरा खाली."

फडकं निघालं, पुठ्ठाही निघाला. काका आत येऊन खिडकीच्या फटीशी बसले. उजवा पाय सारखा ब्रेक दाबत होता.

"अंडी गार पडत असतील गं."



बुलबुली आलीच नाही. दुसऱ्या सकाळी कावळ्यानं अंडी उचलली. काका ओरडत धावले, पण उशीर झाला होता. ते पायरीवर मटकन बसले.

"माझ्यामुळेच ना?"

"हो," काकू म्हणाल्या आणि त्यांच्या शेजारी टेकल्या.

काही दिवसांनी शेजारच्या शिवणकामवाल्या ताईंनी भिंतीवरून हाक मारली, "काका, तुमची बुलबुली आमच्या कुंपणात काड्या नेतेय! या बघायला!"

काका फाटकापर्यंत गेले, थबकले, माघारी आले, पुन्हा गेले.

"मी नाही येत," ते अखेर म्हणाले. "तुम्हीही फार जवळ जाऊ नका." मग राहवेना. "ताई, तुमच्या मशीनचा आवाज तिकडे फार जात नाही ना?"