उणे चिन्ह

मैत्रिणीच्या अंगठ्यावरच्या नेलपॉलिशचा टवका उडालाय – कीबोर्डवर थबकलेला तो अंगठाच तेवढा तिला दिसत राहिला, आणि परीक्षकांचा आवाज लांबून कुठूनतरी आल्यासारखा, "रकमेच्या जागी उणे पाचशे टाका बघू."

म्हणजे सापडलंच यांना.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी केलेलं, खर्चाच्या नोंदी ठेवणारं ॲप, दोघींचं मिळून – डेटाबेस, सर्व्हर तिचा. समोरची पानं, रंग, फॉर्म मैत्रिणीचे. फॉर्म उणे रक्कम अडवत नाही हे तिला मागेच दिसलं होतं, सांगणारही होती... पण त्याच दुपारी कॅन्टीनमध्ये मैत्रीण सगळ्यांदेखत म्हणाली, "हिच्याशी गप्पा कसल्या मारता? एरर आला तरच तोंड उघडते ही!" सगळे खो खो हसले. तीही हसली. आणि मग नाहीच सांगितलं. आपल्या बाजूने, सर्व्हरवर, कोडच्या एका ओळीत अडवता आलं असतं – तेही नाही केलं.

मैत्रिणीने बटण दाबलं. शिल्लक पाचशेने वाढली.

"वा! खर्च करा आणि श्रीमंत व्हा," परीक्षक खुर्चीत रेलले. "मलाच द्या हे, नोकरी सोडतो. हा भाग कोणी केला?"

मैत्रिणीने मान वळवून पाहिलं. सकाळीच तिने ठरवून घेतलं होतं – "काहीही विचारलं तरी 'आम्ही दोघींनी' म्हणायचं हं. यंदा राहिले ना, तर बाबा कॉलेज बंद करतील माझं." दोन शब्द फक्त... ते जिभेवर होतेही.

"फॉर्म हिने केलाय, सर."

किती स्वच्छ निघाला आवाज! परीक्षकांचं पेन मैत्रिणीच्या नावासमोर खाली गेलं, आणि "तुम्ही बाहेर थांबा" एवढंच ते तिला म्हणाले; मैत्रीण आतच राहिली.

नंतर जिन्यात मैत्रीण भिंतीला टेकून उभी होती, नाक लाल झालेलं. "नापास केलं गं मला... सरांसमोर खोटं नाही निघालं तुझ्या तोंडून, कळतं मला. पण तुला ते दिसलं नव्हतं ना आधी?"

"नाही."

"तेच म्हटलं मी. दिसलं असतं तर सांगितलंच असतंस." आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून ती हमसून रडायला लागली, "निदान तू तरी सुटलीस..."

खांदा ओला होत गेला. आता वाईट वाटेल, आता लाज वाटेल, म्हणून ती वाट पाहत राहिली, मैत्रिणीच्या पाठीवरून हात फिरवत, हळूहळू, अगदी मायेने – पण वाटत होतं ते एवढंच, की हिने पुन्हा एकदा विचारावं, आणि आपण पुन्हा एकदा, असंच डोळ्यांत बघून, नाही म्हणावं.