वाणातलं कुपन

कुपन वाणात घालायची अक्कल रत्नप्रभाचीच. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे ज्याने त्याने एकमेकांच्या डोक्यावर खापर फोडलं, पण तिने कधी हात झटकले नाहीत.

झालं असं. सत्त्याऐंशी सालच्या संक्रांतीला मुलुंड पूर्वेच्या महिला मंडळाने ठरवलं, की यंदाच्या हळदीकुंकवाला नुसता तिळगूळ आणि उखाणे नकोत, काहीतरी समाजकार्य हवं. परळच्या हॉस्पिटलातल्या एक डॉक्टरीणबाई गाडी घेऊन यायला तयार होत्या. शाळेच्या हॉलमध्ये एक रविवार, साठ बायका, फुकट तपासणी. बायकांना जो कॅन्सर होतो, त्याची. मंडळाच्या सभेत तासभर चर्चा झाली आणि तासभरात त्या अवयवाचं नाव एकीच्याही तोंडून निघालं नाही. 'तो आजार', 'आपलं ते', 'वरचं दुखणं'. रत्नप्रभा कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिचा डावा स्तन दोन वर्षांपूर्वी परळलाच काढला होता. तिला हसावं की रडावं ते कळेना.

ती काही मंडळातली नव्हती. ती गव्हाणपाड्यातल्या चाळीत राहायची, बँकेत नोकरी करणाऱ्या सड्या मुलांना जेवणाचे डबे द्यायची. मंडळाने तिला बोलावलं होतं ते 'अनुभवी' म्हणून. मंडळाच्या अध्यक्षा मृणालिनीबाई. नवरा सरकारी कचेरीत मोठा साहेब, बोलणं स्वच्छ पुस्तकी. त्यांनी विचारलं, "कुपनं वाटायची कशी? बायका लाजतात. हातात घेणार नाहीत."

"मग हातात देऊच नका," रत्नप्रभा म्हणाली. "वाणात घाला. स्टीलची वाटी, खाली कुपन, वर तिळगूळ. वाण कुठली बाई परत करते?"

टाळ्या पडल्या हो! मृणालिनीबाईंनी तर तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं.

आता वाट्या, गाडीचं पेट्रोल, सुया, चहापाणी, याला पैसा हवा. तो द्यायला साडीवाले चंद्रप्रकाश शेठ पुढे आले. पाच हजार एकरकमी. पैशांपाठोपाठ त्यांचा बॅनर आला. 'कुंकू जपा, कर्करोग टाळा! सुवासिनींसाठी खास तपासणी,' आणि खाली दुकानाचं नाव बॅनरभर. शिवाय शेठना वाटलं, की कार्यक्रमाला थोडं डोळ्यांत पाणी हवं, पाणी आलं की पाकिटं सुटतात. म्हणून रत्नप्रभाच्या नवऱ्याचा, जयवंतचा, शाल-श्रीफळ देऊन सत्कार. कशाबद्दल? तर बायकोचं असं झालं तरी तिला टाकली नाही म्हणून. आणि रत्नप्रभाने करायचं भाषण मृणालिनीबाईंनी टाइप करून दिलं.

तिने ते घरी मोठ्याने वाचलं. "'मी एक अभागी स्त्री. माझ्या स्त्रीत्वावर घाला पडला, परंतु माझ्या पतिदेवांनी मला तशीच पदरात घेतली...'"

जयवंत पूर्वी गिरणीत होता, संपानंतर भांडुपच्या एका कारखान्यावर वॉचमन झाला होता. तो जेवता जेवता हसायला लागला. "पतिदेव? अगं, तुला आत नेली तेव्हा मी चक्कर येऊन पडलो होतो. नर्सने मलाच खाट दिली होती."

"असू दे. गाडी येतेय ना, तेवढं बघा. मी वाचेन चार ओळी, माझ्या बापाचं काय जातंय."

असा तो घोट तिने गिळला. गिळलाही असता पुरता. पण दुसऱ्या दिवशी नळावर जानकी भेटली.

जानकी तिची शेजारीण, मालवणची. नवरा धाकू संपाच्या वर्षी गेला, तेव्हापासून औषधांच्या कंपनीत पॅकिंग करून पोरीला वाढवत होती. ऑपरेशननंतर रत्नप्रभाचे किरणांचे पंचवीस शेक झाले, त्यातल्या प्रत्येकाला परळला सोबत हीच. त्यापायी तिच्या किती खाड्यांचे पैसे कापले गेले, ते तिने कधी सांगितलंही नाही.

"तां रविवारचा काय असा गो?" जानकीने विचारलं.

"तपासणी. तू येतेस."

जानकीने इकडेतिकडे बघितलं आणि पदराआड हात नेला. "माका पण एक गाठ लागता. वाटाण्याएवढी. गणपतीपासून."

रत्नप्रभाची बादली भरून वाहायला लागली तरी तिचा हात नळाकडे गेला नाही. "आणि आता सांगतेस? पाच महिन्यांनी? भवाने!"

"तुझा आत्ता खंय निभावला. तुका आणि घोर कित्या लावू?"

रत्नप्रभाने तिला आईवरून बापावरून सगळं ऐकवलं आणि म्हणाली, उद्या परळ. जानकी हटून बसली. परळला ती जायची नाही. तिथे तिने पंचवीस दिवस जे बघितलं होतं, ते तिच्या मनातून जात नव्हतं. इथे शाळेत, चार ओळखीच्या बायकांबरोबर असेल तर दाखवीन, नाहीतर नाही. मालवणी बाई एकदा नाही म्हणाली की ब्रह्मदेव आला तरी व्यर्थ.

"ठीक आहे, रविवार तर रविवार," रत्नप्रभा म्हणाली आणि घरी येऊन कणीक मळायला बसली. मळता मळता तिच्या लक्षात आलं आणि हात परातीतच थांबले. जानकी विधवा. विधवेला हळदीकुंकवाचं बोलावणं नाही. बोलावणं नाही म्हणून वाण नाही. आणि वाण नाही म्हणून कुपन नाही.

अन् ही युक्ती कुणाची? तिचीच! साठ बायकांना लाजेतून सोडवायला निघाली होती शहाणी, आणि जिने दोन वर्षं तिचं हगणंमुतणं काढलं तिलाच बाहेर ठेवून बसली. त्या दिवशीच्या पोळ्या वातड झाल्या. बँकेतल्या मुलांनी मुकाट खाल्ल्या.

संध्याकाळी ती मृणालिनीबाईंकडे गेली. आतल्या खोलीत त्यांची आई, उत्तराकाकू, कार्यक्रमासाठी तिळाचे लाडू वळत होत्या. काकू विधवा, लेकीकडे राहायच्या. लाडू सगळे त्यांच्या हातचे, पण कार्यक्रमात बाहेर बसायचं नाही.

"एक कुपन सुटं द्या," रत्नप्रभा म्हणाली. "माझ्या शेजारणीला गाठ आहे."

"अहो, साठच्या साठ वाट्या भरून झाल्यात. यादी झालीय. आणि शेठजींनी देणगी दिलीय ती सुवासिनींसाठी. बॅनरवरच लिहिलंय. विधवा भगिनींसाठी आपण पुढच्या वर्षी वेगळं काहीतरी करू."

"पुढच्या वर्षीपर्यंत गाठ थांबते काय?"

"रत्नप्रभाबाई, तुमची तळमळ मला समजते. पण रीत असते प्रत्येक गोष्टीची. तुम्ही भाषण पाठ केलंत ना?"

रत्नप्रभा तशीच उठली. घरी येऊन तिने जानकीला सांगितलं, माझ्या वाणातलं कुपन तू घे, माझ्या नावावर जा. जानकीचं तोंड लाल झालं.

"माका मागच्या दारान नको. मी काय चोरी केलंय? जाऊंदे गो. नशिबात असात तां होयत."

नशीब! रत्नप्रभाला त्या शब्दाचाच संताप आला. दोन वर्षांपूर्वी तिला स्वतःला गाठ लागली, तेव्हा तीही तीन महिने नशीब नशीब करत बसली होती, आणि त्या तीन महिन्यांची किंमत तिला माहीत होती. रात्री तिने जयवंतला एवढंच विचारलं, "उद्या मी काही वेडंवाकडं बोलले तर चालेल?"

"मी नको म्हटलं तर थांबशील?"

"नाही."

"मग विचारतेस कशाला?"

शनिवारी दुपारी हळदीकुंकवाला हॉल फुलून गेला होता. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, अत्तर, गजरे. रत्नप्रभा आली ती जानकीचा हात धरून, आणि तिने जानकीला थेट पहिल्या रांगेत बसवलं. जानकी उठायला बघत होती, हिने तिचा खांदा दाबून धरला. हां हां म्हणता जानकीच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. मृणालिनीबाईंचा चेहरा तर बघण्यासारखा झाला होता, पण माइक सुरू झालेला, करतात काय!

शेठचं भाषण झालं. जयवंतला शाल घातली, तो बापडा नारळ घेऊन अवघडून उभा. मग रत्नप्रभाचं नाव पुकारलं. तिने कागद उघडला, 'मी एक अभागी स्त्री' एवढं वाचलं आणि कागदाची घडी करून ब्लाउजमध्ये खोचला. डावीकडे. तिथे भरपूर जागा होती.

"हे खोटं आहे," ती म्हणाली. "अभागी बिभागी काही नाही. मला स्तनाचा कॅन्सर झाला. स्तनाचा! दचकता कशाला? सगळ्यांना आहेत. याच दुधावर शेठजीपण वाढले. डॉक्टरांनी एक काढला म्हणून मी इथे उभी आहे. माझा नवरा चांगला माणूस आहे, पण सुरी त्याच्या अंगावर नाही चालली. त्याने मला टाकली नाही म्हणून शाल? मग माझ्या ह्या शेजारणीला काय देणार? पंचवीस वेळा मला परळला नेली, दर खेपेला माझ्या ओकाऱ्या काढल्या. तिला मंडळाने काय दिलं? साधं कुपन नाही दिलं!"

"रत्नप्रभाबाई, वेळ झाली," मृणालिनीबाई मागून कुजबुजल्या.

"थांबा. कुपन वाणात घालायची अक्कल माझी. चूक माझी, मीच निस्तरते. हा आजार कपाळ बघून येत नाही. लग्न न झालेलीला होतो, नवऱ्याने सोडलेलीला होतो, विधवेला होतो. 'कुंकू जपा' म्हणे! आम्ही आमचा जीव जपायचा तो काय नवऱ्याचा ठेवा म्हणून? जीव माझा आहे. मला हवा आहे म्हणून जपायचा. आणि कुणाला नवरा-मूल नसेल, तर तिने काय मरावं?"

ती टेबलाजवळ गेली, रचलेल्या वाट्यांतली एक उचलली, कुंकवाचा करंडा घेतला आणि खाली उतरून जानकीसमोर उभी राहिली. जानकीने करंडा हाताने बाजूला सारला.

"कुंकू नको गो माका," ती म्हणाली, आणि तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "धाकू गेलो, तां माझा मी बघून घेतलंय. माका कुपन दी. माझ्या स्तनात गाठ असा."

चंद्रप्रकाश शेठ ताडकन उठले. "हा काय तमाशा आहे? यासाठी पैसे दिले नव्हते मी." त्यांनी टेबलावरचं देणगीचं पाकीट उचललं आणि ते खाली उतरले. पण त्यांची बायको, सुलक्षणा, पहिल्याच रांगेत होती. तिने बसल्या जागेवरून त्यांचं मनगट धरलं. एरवी चारचौघांत तोंडातून शब्द न काढणारी बाई.

"पाकीट ठेवा," ती म्हणाली, "आणि जायचं तर जा."

शेठ गेले. पाकीट राहिलं. कुणीतरी मागे फिस्सकन हसलं आणि मग हॉलभर नुसता गलका. त्या गलक्यात स्वयंपाकाच्या खोलीचा पडदा सरला आणि पांढरं लुगडं नेसलेल्या उत्तराकाकू बाहेर आल्या. हात गुळाने चिकट झालेले. त्या लेकीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मृणाल, माझं पण नाव लिही."

"आई, तू आत जा. आपण घरी बोलू."

"घरी दोन वर्षं बोलायचं म्हणतेय. उजव्या बाजूला आहे. लिही."

मृणालिनीबाईंनी पेन शोधलं. ते त्यांच्या हातातच होतं.

रविवारी साठाच्या जागी त्र्याण्णव बायका आल्या. डॉक्टरीणबाई जेवल्याच नाहीत, रात्री आठपर्यंत तपासत राहिल्या. जानकीच्या गाठीत त्यांनी सुई घातली, पाणी निघालं, आणि गाठ जागच्या जागी बसली. "पाण्याची होती. घाबरू नका, पण सहा महिन्यांनी दाखवा." जानकी बाहेर आली ती हसत, रडत आणि रत्नप्रभाला शिव्या घालत. रत्नप्रभाने तिला तिथेच व्हरांड्यात मिठी मारली आणि सगळ्यांसमोर भोकाड पसरलं.

उत्तराकाकूंच्या गाठीतून पाणी निघालं नाही.

तीन दिवसांनी मृणालिनीबाई चाळीचे जिने चढून वर आल्या. पहिल्यांदाच. हातात परळचा कागद होता. रत्नप्रभाने पाट दिला, पण त्या उंबऱ्यातच बसल्या.

"डॉक्टर म्हणाल्या, वेळेवर आलात, अजून पसरलेलं नाही. ऑपरेशन लगेच करायचं." मग त्यांनी कागदाची घडी घातली. "मी तिला आत बसवून ठेवलं होतं, रत्नप्रभा. माझ्या आईला. लाडू वळत."

रत्नप्रभाच्या जिभेवर खूप काही आलं. पुढचं वर्ष, रीत, यादी, सगळं. एकेक शब्द तोंडावर फेकावा असं तिला मनापासून वाटलं, आणि तिचा तो हक्कही होता. तिने गॅस बारीक केला, हात पुसले.

"बसवलं होतंत खरं," ती म्हणाली. "पण बाहेर ती तिच्या पायांनी आली. ना तुम्ही आणली, ना मी. आता रडायचं असेल तर इथे रडून घ्या, तिच्यासमोर नको. उद्या सातला निघायचं. मी आणि जानकी येतोय."