दुसरं पाणी

बायको गेल्याचं मला दवाखान्याच्या फोनवरून कळलं. तेव्हा मी मेहुण्याच्या प्लॉटवर, तिनेच सकाळी खणलेल्या खड्ड्यात पाणी ओतत होतो. चक्कर आली म्हणून मेहुण्याची बायको तिला रिक्षाने घेऊन गेली होती. जाताना माझी बायको म्हणाली, "तुम्ही येऊ नका. पाणी अर्धवट सोडू नका."

आमचं काम मातीचं. गटाराची लाईन नाही तिथे घर बांधायचं, तर सेप्टिक टँकचं पाणी जमिनीत नीट मुरेल का, आणि आसपासच्या विहिरीत तर उतरणार नाही ना, हे बघून दाखला द्यायचा. ती माती बोटांत चोळून बघायची, मी बादल्या वाहायचो. सही दोघांपैकी कुणाचीही चालायची.

ती म्हणायची, पहिलं पाणी खोटं, दुसरं खरं. चिकणमाती वाळली की भेगाळते. पहिलं पाणी त्या भेगांतून गडप होतं आणि मालक खूश होतो. माती रात्रभर भिजून फुगली, की मग ती पाणी पिते की नाही ते कळतं. काही जण पहिल्याच पाण्यावर दाखला लिहून मोकळे होतात. त्यांना ती 'पहिलटकर' म्हणायची आणि स्वतःच हसायची.

ती गेली त्या दिवशी मेहुणा फार रडला. दोघांनी त्याला धरून ठेवलं होतं. शेजारणी म्हणाल्या, भाऊ असावा तर असा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याजवळ येऊन बसला.

"भावोजी, कालचं पाणी मुरलं ना?"

"पहिलं मुरलं."

"मग झालं तर! द्या सही करून. बांधकाम अडलंय."

"दुसरं बघायचंय."

"आता ताईच नाही, कसलं दुसरं नि तिसरं?"

"उताराला म्हातारीची विहीर आहे. ती तेच पाणी पिते."

"पिऊन पिऊन अजून किती पिणार आहे ती?"

मी तसाच उठून प्लॉटवर गेलो. खड्डा पुन्हा भरला, काठी उभी केली, तिच्यावर खूण केली आणि बसून राहिलो. ऊन कललं, तरी पाणी खुणेपाशीच. मी जमीन नापास केली.

"ताई होती तेव्हा तिच्या तालावर नाचलात," मेहुणा म्हणाला. "आता ती गेल्यावरही नाचा."

त्याने एक पहिलटकर गाठला. त्या माणसाने प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला खड्डा मारला, बादली ओतली, चहा प्यायला आणि जमीन पास केली. बांधकामाचा परवाना देणाऱ्या कचेरीने त्याचाच कागद धरला.

मी म्हातारीकडे गेलो. म्हटलं, "आजी, टँक सुरू झाला की विहिरीचं पाणी पिऊ नका."

"मग काय पिऊ, ते पण सांग ना बाबा."



मेहुण्याने आता कुंपणाच्या फाटकाला कुलूप लावलंय. बाहेरून आमचा खड्डा दिसतो. पाणी तसंच आहे, वर हिरवी साय धरलीय. बायको कधी उघडा खड्डा टाकून घरी यायची नाही, फावड्याने स्वतः बुजवायची. हा एक बुजवायचा राहिलाय.