बारा जणींचा अर्ज

मित्रांनो, मी मराठी टाइपरायटर. वय झालंय, फीत वाळलीय, 'श'ची कळ तर कायमची मेलीय. पण माझ्याकडे दयेनं बघू नका. मी जन्मभर दयेची भाषा इतकी छापली की तिचा मला वीट आलाय.

कारखान्यात माझ्यावर अक्षरं बसवली, त्यातली बरीचशी अर्धी. शेजारी काना ठोकला की ती पुरी होतात. पुण्यात शिवाजीनगरच्या बाजूला कामगारांच्या तक्रारी ऐकणारी एक कचेरी होती. तिच्या खिडकीखाली, कडुनिंबाच्या सावलीत शमशुद्दीन चाचांचं टेबल असे. मी त्या टेबलावर तीसेक वर्षं काढली. चाचांची बोटं काय वर्णावी! बघायचे समोरच्या माणसाकडे आणि टाइप चुकायचं नाही. शाळा आठवीत सुटली होती, पण त्यांच्या मराठीत वकिलांनाही खोट काढता येत नसे.

एकच गोष्ट मला खटकायची. माणूस कोणीही येवो, चाचांचा मजकूर ठरलेला. "मी एक गरीब व असहाय इसम असून मायबाप सरकारने मजवर कृपा करावी." हे वाक्य मी हजारो वेळा छापलं. ज्याचा हक्क मारला गेला, तोच हात जोडून उभा! आणि छापणारा मी!

मग एके सकाळी तुळजाबाई आल्या. दोन हजार एक साल होतं. गावाबाहेरच्या माळांवर काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि आत पोरं संगणकांपुढे बसत होती. त्या काचा पुसायला, फरशा पुसायला विश्रांतवाडीच्या वस्तीतून बायका जात. तुळजाबाई त्यांतल्या एक, मूळच्या वाशिमकडच्या. वस्तीत साक्षरतेचा वर्ग भरला होता, त्यात त्या सही करायला शिकल्या. सही आली, फोटो निघाला, वर्ग बंद झाला. शिकवणाऱ्यांचं काम संपलं. वाचायला शिकवायचं राहूनच गेलं, आणि त्याची लाज कुणालाच वाटली नाही.

एक दिवस सुपरवायझर हिंमतरावांनी इंग्रजी कागद आणला. गेटचा नवा पास मिळणार आहे, सह्या करा, म्हणाले. बारा जणी होत्या. तुळजाबाई पुढे झाल्या आणि ऐटीत सही केली. बाकीच्या अकरा जणींनी त्यांच्याकडे बघून अंगठे दिले. तुळजाबाईंनी सही केलीय, म्हणजे कागद नीटच असणार!

सोमवारी गेटवर बाराही जणींना अडवलं. कागदावर लिहिलं होतं की आम्ही स्वखुशीनं काम सोडत आहोत.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि अर्ज ठोकला. तुळजाबाई म्हणाल्या, "वाचून दाखवा मले."

चाचांनी वाचला. असहाय, मायबाप, कृपा, सगळं जिथल्या तिथं.

"चाचा, हे मी कुठं म्हनलं?"

"अहो बाई, अर्ज असाच असतो. सव्वीस वर्षं मी काय इथं गोट्या खेळतोय?"

"मी असहाय नाही. माह्याशी लबाडी झाली."

"कागदावर असहायच दिसावं लागतं."

"त्यायची इंग्रजी मले समजली नाही. आता तुमची मराठी बी समजत नाही. मंग हा अर्ज कोनाचा?"

चाचांनी कागद माझ्यातून ओढून काढला, फाडला आणि कोरा चढवला. "बोला. येईल तसं बोला."

मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा खरं छापलं. "मला इंग्रजी येत नाही. मला मराठीही वाचता येत नाही. मला फक्त माझं नाव लिहिता येतं. कागद पासचा आहे असं आम्हाला सांगितलं. आम्ही काम सोडलेलं नाही. आमचं काम आम्हाला परत द्या." विनंती कुठेच नव्हती.

"करा सही," चाचा म्हणाले.

"नाही. वाचता आल्यावर."

"तोवर बाकीच्या जणी तुमचा जीव घेतील."

घेतलाच जवळजवळ. कौशल्या नावाची एक जण रोज येऊन ओरडायची, "आता कशाला शिकायचंय? आधी केलीस तशी कर की!" ते शब्द वर्मी बसत. तरी तुळजाबाई सतरा दिवस माझ्यासमोर बसल्या. चाचा माझं अर्धं अक्षर उठवत, मग काना ठोकत. "बघा, आता झालं पुरं." तुळजाबाईंची खरखरीत बोटं माझ्या कळांवरून फिरायची. अठराव्या दिवशी त्यांनी अख्खा अर्ज अडखळत वाचला, 'मराठीही वाचता येत नाही'चं 'येत नव्हतं' करून घेतलं आणि मग सही केली.

सुनावणी माझ्या डोक्यावरच्या खिडकीच्या आतच झाली. तुळजाबाईंनी अर्ज स्वतः वाचला. कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, "इंग्रजी कागदावरची सही तुमचीच ना?"

"माहीच. साहेब, हिंमतरावले सांगा, तो कागद मराठीत वाचून दाखव म्हना."

हिंमतराव लोणी काळभोरचे, बोलायला खणखणीत. पण त्या दिवशी कागद हातात उलटसुलट फिरवत म्हणाले, "मला तरी कुठं वाचता येतंय साहेब? ठेकेदार म्हनला पासचा कागद हाय, सह्या घेऊन ये."

असा सगळा कारभार! वाचता न येणारा माणूस वाचता न येणाऱ्या बायकांकडून कागद भरून घेतो, आणि ज्याला वाचता येतं तो घरी बसून असतो.

पंधरवड्यानं निकाल लागला. समजावून न सांगितलेल्या कागदावरच्या सह्या-अंगठे ग्राह्य धरता येणार नाहीत. बाराही जणींना कामावर घ्या. बायका नाचल्या. कौशल्या रडली. शिपाई निकालाची प्रत आणि पोचेची वही घेऊन बाहेर आला.

"करा सही पटकन. जेवायची सुट्टी झालीय."

तुळजाबाई पायरीवर बसल्या आणि ओळीवर बोट ठेवलं.

"अहो बाई, जिंकलात तुम्ही!"

"थांब बाबा. दीड पान राह्यलं."

शिपाई उभा राहिला. चाचांनी डबा बंद करून ठेवला. कचेरीच्या दारात सरकारी माणूस एका झाडूवाल्या बाईचं वाचून होण्याची वाट बघत होता. सव्वीस वर्षांत असा थाट मी पाहिला नव्हता.

पुढे आमच्या कडुनिंबाखालीही संगणक आले, चाचा थकले, मी माळ्यावर गेलो. त्याचं मला दुःख नाही. मला तेल घालू नका, माझी धूळही पुसू नका. मित्रांनो, एवढंच करा. तुमच्यापुढे कुणी कागद सरकवून "फक्त सही करा" म्हणाला, तर त्याला उभं ठेवा. तुमचं वाचून होईपर्यंत उभं ठेवा.