सात नंबरच्या खोलीतली झाकली मूठ

त्या दिवशी मंगळवार होता, चादरी बदलायचा दिवस. सुप्रभाताई माझ्या पलंगावरची उशी दोन्ही हातांनी थोपटत होत्या. तेवढ्यात रिसेप्शनवरचा फोन ठेवून पद्माकरराव माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"अगं, कौन्सिलचा फोन होता. सगळ्या खोल्या हव्यात म्हणतात."

"सगळ्या? कुणासाठी?"

"होमलेस फॅमिलीजसाठी. तात्पुरतं. इमर्जन्सी म्हणून."

"म्हणजे लोक राहायला येणार."

"राहायला नाही गं, नुसतं रात्रीपुरतं…"

"अहो, ज्याला घर नाही तो रात्रीपुरता कसा येईल? सकाळी उठून जाईल कुठे?"

पुसून स्वच्छ झालेली माझी खिडकी पद्माकररावांनी पुन्हा पुसायला घेतली.

मी ती खोली. सात नंबरची. ईलिंग मागे टाकून जो मोठा रस्ता लंडनबाहेर पडतो, त्याच्या कडेच्या एका मोटेलमध्ये माझा जन्म झाला. आम्ही सगळ्या खोल्या एका रांगेत, पाठीला पाठ लावून नव्हे तर खांद्याला खांदा लावून उभ्या. प्रत्येकीचं दार थेट पार्किंगमध्ये उघडणारं. एक पलंग, एक कपाट, एक हीटर, चहाची किटली आणि भिंतीवर कुठल्याशा तळ्याचं चित्र, एवढाच आमचा संसार. विटा लाल, पडदे तपकिरी.

लहानपणी माझ्याकडे लॉरीवाले यायचे, ब्रशांचे नमुने घेऊन फिरणारे विक्रेते यायचे, गाडी बंद पडलेली जोडपी यायची. एका रात्रीचे पाहुणे ते. त्यांची एक गंमत मला नेहमी वाटे. निघताना प्रत्येक जण टेबलाचा खण उघडून बघायचा, काही राहिलं तर नाही ना. वास्तविक त्या खणात कुणीच काही ठेवलेलं नसायचं. पण बघितल्याशिवाय पाय निघायचा नाही.

पुढे पद्माकररावांनी हे मोटेल घेतलं. ते मूळचे साताऱ्याचे, इथे एका कारखान्यात इंजिनिअर होते. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी घरात बसून वर्तमानपत्र वाचण्यापेक्षा आम्हाला पसंत केलं. सुप्रभाताईंनी पहिल्याच आठवड्यात माझे पडदे उतरवून धुतले आणि म्हणाल्या, "अगंबाई, हे तर पिवळे निघाले!" तोवर माझे पडदे तपकिरीच आहेत असं मलाही वाटत होतं.

कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, तो फोन सत्त्याऐंशी सालचा. त्यानंतर माझं आयुष्य बदललं. एका रात्रीच्या पाहुण्यांच्या जागी महिनोन् महिने राहणारी माणसं आली. वाटसरू बॅग जमिनीवर टाकतो आणि पडदा उघडतो. ही माणसं आधी पडदा ओढून घेत आणि मग सामान कुठे रचता येईल ते बघत. कपाटाच्या डोक्यावर, पलंगाच्या पोटात, खिडकीच्या कडेवर. मला कळून चुकलं की खोली किती मोठी हे तिच्या भिंती ठरवत नाहीत. ते माणसाच्या अडचणीवर ठरतं.

एकोणनव्वदच्या मार्चमध्ये वैजयंती आली, सहा वर्षांच्या उल्काला घेऊन. तिचा नवरा राजीव एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होता. आधीच्या हिवाळ्यात तो अचानक गेला. राजीवच्या थोरल्या भावाच्या, गिरीशच्या घरी वरच्या मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड होतं. ते आता नव्हतं, एवढंच तिने पद्माकररावांना सांगितलं.

उल्का माझ्या मधोमध उभी राहिली, गोल फिरली आणि म्हणाली, "आई, हा खोली आपला आहे?"

"ही खोली, उल्का. आपली. म्हणजे, सध्या."

"सध्या मीन्स?"

वैजयंतीने पडदा ओढून घेतला. जन्मात पहिल्यांदा कुणी मला 'आपला' म्हणालं होतं. लिंग चुकलं तरी मला राग आला नाही.

खोलीत स्वयंपाक करायचा नाही, हा आमच्या मोटेलचा नियम. दारामागे तो इंग्रजीत चिकटवलेला होता. वैजयंतीने पहिले आठ-दहा दिवस ब्रेड आणि उकडलेली अंडी यांवर काढले. मग एका शनिवारी तिने बॅगेतून छोटी विजेची शेगडी काढली आणि वरणाला फोडणी दिली. मोहरी तडतडली, हिंग उमलला, आणि माझ्या छतावरचा धुराचा अलार्म जो किंचाळायला लागला तो थांबेचना!

सगळं मोटेल पार्किंगमध्ये. नऊ नंबरची आयरिश बर्नाडेट डोक्याला टॉवेल गुंडाळून, तिची तिन्ही पोरं अनवाणी. पद्माकरराव खुर्चीवर चढून नॅपकिनने अलार्मला वारा घालताहेत आणि वैजयंती शेगडी पदराआड लपवण्याचा प्रयत्न करते आहे.

"काय जळलं?" बर्नाडेटने विचारलं.

"जळलं नाही," सुप्रभाताई ठसक्यात म्हणाल्या, "आमच्याकडे ह्याला जेवण म्हणतात."

"मग आम्हाला का नाही बोलावलं?"

पार्किंगभर हसू पसरलं. पद्माकरराव खुर्चीवरून उतरले तेव्हा त्यांच्या नाकाने दगा दिला. चेहरा रागीट होता, पण नाक वरणाकडे वळलेलं.

"नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. "खोलीत शेगडी चालणार नाही. ब्रेकफास्टचं किचन दुपारपासून रिकामंच असतं. तिथे काय ते करा." आणि मग हळूच, "हिंग कुठून आणलात?"

त्या दिवसापासून किचन सगळ्यांना खुलं झालं. मी खूश होते. माझ्या भिंतींना फोडणीचा वास लागला तो कायमचाच.

पण त्याच महिन्यात एक चूक झाली, आणि ती माझ्यासमोर झाली.

कौन्सिलची मिस डॉब्स चौकशीला आली. उंच, सर्दी झालेली, वागायला सभ्य बाई. खुर्ची एकच असल्यामुळे ती खुर्चीवर आणि वैजयंती पलंगावर. सुप्रभाताई धुतलेले टॉवेल ठेवायला आल्या होत्या.

"मिसेस साठे, तुम्ही ते घर का सोडलंत? तुम्हाला कुणी जायला सांगितलं का?"

वैजयंती ताठ बसली. "नाही, नाही. कुणी नाही सांगितलं. आम्ही आपखुशीने निघालो."

"नक्की? स्वतःहून?"

"हो. स्वतःहून. ते फार चांगले लोक आहेत."

मिस डॉब्सने तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, नाक पुसलं आणि ती गेली.

दार लागताच सुप्रभाताईंनी टॉवेल पलंगावर आपटले. "अगं, काय बोलून बसलीस हे? आपखुशीने काय? पाहुणचाराला आली होती का ती बाई?"

"मग काय सांगू, सुप्रभाताई? घरातलं सगळं तिच्यापुढे पसरू?"

"इथला कायदा माहीत आहे तुला? स्वतःहून घर सोडलं म्हटलं की कौन्सिलची जबाबदारी संपली. गेल्या वर्षी चार नंबरमध्ये एक जोडपं होतं. बाई रागाच्या भरात 'वी वॉक्ड आउट' म्हणाली. महिन्यात गाशा गुंडाळला त्यांनी."

"राजीवचा सख्खा भाऊ आहे तो. उद्या नाशिकला माझ्या आईच्या कानावर गेलं तर? झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई."

"असेल बाई सव्वा लाखाची. पण मूठ उघडल्याशिवाय घराची किल्ली ठेवायची कशी तुझ्या हातात?"

वैजयंती हसली नाही. टॉवेलांची चळत तिने नीट रचली, काठाला काठ जुळवून.

तीन आठवड्यांनी मिस डॉब्स परत आली. ह्या वेळी ती उभ्यानेच बोलली, कारण बातमी वाईट होती. कौन्सिलच्या मते वैजयंतीने जाणूनबुजून घर सोडलं होतं. महिनाअखेर खोली रिकामी करावी लागेल. तिची दुसरी काही सोय झालीच नाही, तर उल्काची देखभाल करायला माणसं आहेत.

"देखभाल म्हणजे?"

"तात्पुरती. दुसऱ्या एखाद्या कुटुंबात. फक्त मुलीची."

उल्का शाळेत होती. तिचा झोपायचा फ्रॉक उशीवर घडी करून ठेवलेला होता. वैजयंतीने तो उचलला आणि हातात धरून ठेवला. मिस डॉब्सला बसवायला सुप्रभाताई खुर्ची पुढे ओढत होत्या.

"सुप्रभाताई," वैजयंती म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर जाता का?"

"अगं, मी आहे ना सोबत. घाबरू नकोस."

"म्हणूनच. ह्या परक्या बाईला सांगेन मी. आपल्या माणसासमोर जीभ नाही उचलायची माझी."

सुप्रभाताईंनी बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. माझ्या खिडकीतून मला त्या दिसत होत्या. पार्किंगच्या पार टोकाला, बर्नाडेटच्या दोरीवरच्या कपड्यांपाशी जाऊन त्या पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. चुकूनही शब्द कानावर पडू नये म्हणून.

आत वैजयंती इंग्रजीत बोलली, छोट्या छोट्या वाक्यांत, एकेक पायरी चाचपत जिना उतरावा तशी. राजीवचा महिना झाला तेव्हा सुलक्षणावहिनी, म्हणजे गिरीशची बायको, म्हणाली की वरचा मजला भाड्याने द्यायचा आहे. नंतर जेवायला हाक येईना. मग एका दुपारी ती उल्काला शाळेतून घेऊन आली तर किल्ली कुलपात फिरेना. तिला वाटलं, थंडीने कुलूप अडकलं. ती हातमोजे काढून किल्लीवर फुंकर घालत राहिली. मग उल्का म्हणाली, आई, आपल्या बॅगा बघ, इथे बाहेर आहेत.

"कुलूप बदललं होतं," वैजयंती म्हणाली. "आणि वहिनी वरच्या खिडकीत उभ्या होत्या. मी त्यांना हात केला. बाय म्हटलं. का ते मला माहीत नाही. शेजारी बघत होते."

मिस डॉब्स हळूच खुर्चीवर बसली. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"आमच्यात असं सांगत नाहीत."

"मला त्या शेजाऱ्यांचं नाव द्याल?"

वैजयंतीने नाव दिलं. त्यानंतर ती रडली, आणि मिस डॉब्सने सर्दीसाठी आणलेले आपले सगळे टिश्यू तिला देऊन टाकले. स्वतः मात्र जाईपर्यंत नाक ओढत राहिली.

सुप्रभाताई चहा घेऊन आल्या तेव्हा खोलीत वैजयंती एकटी होती. "साखर घालू?" त्यांनी विचारलं. त्यापलीकडे काही विचारलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढे कधीही नाही. मी पुष्कळ माणसं पाहिली. बोलकी पाहिली, मदतीला धावणारी पाहिली. पण न विचारणारं माणूस मी ते एकच पाहिलं. हे सारं माझ्याच भिंतींत राहिलं. आज सांगते आहे ते नाइलाजाने, कारण आता भिंतीच राहणार नाहीत.

कौन्सिलने फेरविचार केला. शेजाऱ्यांनी खरं ते सांगितलं. उन्हाळा सरता सरता वैजयंतीला दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला. निघायच्या सकाळी तिने माझी फरशी पुसली, किटली घासली, आरसा लख्ख केला. पद्माकरराव म्हणाले, "अहो वैजयंतीबाई, हे आमचं काम आहे."

"सासरहून निघताना केर काढायचा राहिला होता," ती म्हणाली, आणि ह्या वेळी हसली.

त्यानंतर माझ्याकडे बरीच बिऱ्हाडं आली आणि गेली. काही दुःखी, काही भांडकुदळ, बरीचशी तुमच्याआमच्यासारखी. चौऱ्याण्णवमध्ये पद्माकरराव गेले. त्या दिवशीही सुप्रभाताईंनी खोल्यांमध्ये टॉवेल ठेवले. माझ्यापाशी आल्यावर त्या पलंगाच्या कडेवर थोडा वेळ बसल्या आणि मग आठ नंबरला गेल्या. पुढे दोन वर्षांनी त्यांनी मोटेल विकलं. इथे आता ऑफिसची मोठी इमारत होणार आहे. एक ते पाच नंबर पडल्या. सहावीचं छप्पर काल उतरलं.

माझी तक्रार नाही. मी वाटसरूंसाठी जन्मले आणि बिऱ्हाडांच्या कामी आले. खोलीला याहून बढती ती कुठली? फक्त एक सांगावंसं वाटतं. आमच्यासारख्या खोलीत कुणी आलं, तर 'किती दिवस राहणार' हे त्याला लगेच विचारू नका. आधी जेवण झालं का ते विचारा.

फ्लॅट मिळाल्यावर वैजयंतीने सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. पद्माकरराव, सुप्रभाताई, बर्नाडेट आणि तिची पोरं, सगळी दाटीवाटीने गाडीत बसून गेली. परतल्यावर सुप्रभाताई माझी चादर बदलता बदलता कितीतरी वेळ त्या घराबद्दल सांगत होत्या. स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी आहे, उल्काची स्वतंत्र खोली आहे, कुलूप आतून लागतं.

मला ते घर बघायचं होतं. तेवढं राहिलं.