मेणकाकांची उत्तरं

या, असे जवळ सरकून बसा. चढ्या आवाजात सांगायची गोष्ट नव्हे ही, पण सांगणार आहे खरी.

एका गल्लीत मेणबत्त्यांचा कारखाना होता. कारखाना कसला, दोन खोल्या. एकीत मेण वितळायचं, दुसरीत साचे निवायचे. कारागीर, ज्याला सगळे मेणकाका म्हणत, अचानक वारला आणि मागे दोघी उरल्या, बायको आणि धाकटी बहीण. भावजय मेण ओतायची, नणंद मोबाईलवर माल खपवायची. नणंदेचं म्हणणं, सोशल मीडियावरचे लोक म्हणजे रस्त्यातले बघे, आज आहेत, उद्या नाहीत. ईमेल दिला, की मग ते आपले. म्हणून प्रत्येक फोटोखाली ती लिहायची, ईमेल नोंदवा, दर आठवड्याला पत्र पाठवू. पण नोंदणी काही हलेना, आणि साचे विकायची पाळी आली.

मग तिला भावाचा एक जुना व्हिडिओ सापडला. त्यात वात ताणून धरणारे नुसते हात होते आणि त्याचा मऊ आवाज. तिने तो टाकला आणि खाली लिहिलं, ईमेल नोंदवा, मेणकाका स्वतः तुमच्या पत्राला उत्तर देतील. तो गेल्याचं मात्र लिहिलं नाही.

"मेलेल्या माणसाला कामाला जुंपतेस होय गं?" भावजय म्हणाली.

"जिवंतपणी तरी दादा कुठे स्वस्थ बसायचा, वहिनी?"

दोघी हसल्या. तिथेच चुकल्या, बघा.

नोंदणीला लोक लोटले. कुणाच्या घरी आजारपण, कुणाचं लेकरू दूरदेशी. मेणकाकांना सगळं लिहू लागले. उत्तरं द्यायला नणंदेला सवड नव्हती, तरी लोकांचे आभार यायला लागले. पाहते तर उत्तरं गेलेली. तिला वाटलं, वहिनीने लिहिली. वहिनीला वाटलं, हिने. एकमेकींचं कौतुक करायला गेल्या आणि दोघींचे चेहरे उतरले. बोलणं त्याचंच होतं. वात आधी मेणात भिजवावी, म्हणजे ताठ राहते. माणूसही दुःखात भिजूनच उभा राहतो.

नणंद घाबरली. भावजय मात्र आतून उजळली. जाताना तो तिच्याशी एक शब्दही बोलला नव्हता, आणि त्या एका शब्दासाठी तिचा जीव अडकला होता. नणंद पार्सलं द्यायला गेलेली पाहून तिने गुपचूप आपलाही ईमेल नोंदवला आणि लिहिलं, "अहो."

उत्तर लगेच आलं. "सरकार, लोक फार हाका मारतात. एकाला ओ द्यावी तर दुसरा बोलावतो. उंबऱ्यातच उभा आहे मी. पाय दुखतात."

तिला सरकार म्हणणारा जगात तो एकटाच होता.

नोंदणी वाढत गेली तशी उत्तरं आखूड होत गेली. शेवटी प्रत्येकाला दोनच शब्द जायचे, "हो, आलो." भट्टी पेटलेली नसतानाही दारापासून टेबलापर्यंत मेणाचे थेंब पडलेले असायचे. हात लावावा तर गरम.

भावजय सगळ्यांना पत्र लिहायला बसली, मेणकाका या जगात नाहीत म्हणून. नणंदेने तिचा हात धरला.

"वहिनी, लोक जातील. दादाही जाईल."

"गेलाय गं तो. आपणच सोडत नाही त्याला."

पाठवण्याआधी तिला वाटलं, अजून एकदा अहो म्हणावं, एवढंच. पदराने डोळे पुसले आणि तिने पत्र धाडलं. मग व्हिडिओही पुसून टाकला.

बरेच लोक रागावून यादीतून नाव काढून गेले. साचे विकावे लागले. मेणकाकांच्या नावाने त्यानंतर एकही उत्तर गेलं नाही, आणि फरशी कोरडी राहिली. भावजय त्या कोरड्या फरशीवर बसून पोटभर रडली, तो गेला तेव्हा रडली नव्हती तशी.

देव त्याला विसावा देवो. घरात मेणबत्ती पेटवाल, तेव्हा त्या भल्या कारागिराची आठवण काढा. मनातल्या मनात काढा बरं का. हाक तेवढी मारू नका.